आरशातलं शून्य

"आता पाच वर्षं तपासायचं नाही," असं डॉक्टरांनी बजावूनही रंगनाथ मुळीकांना चैन पडेना. सकाळपासून चौथ्यांदा ते बेसिनवरच्या आरशासमोर उभे राहिले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम मोजणाऱ्या त्या आरशाने पुन्हा शून्यच दाखवलं.

"अहो, श्वासांनी काच पार धूसर केलीत. सरका!" म्हणत त्यांची बायको इंदुमती फडकं घेऊन आली. चार हात मारले न मारले तोच तिला धाप लागली, आणि बेसिन धरून ती तिथेच थांबली. आरशात लाल आकडा उमटला: सहाशे चाळीस.

रंगनाथांचा हात झटकन स्वतःच्या छातीवर गेला. मग त्यांच्या लक्षात आलं, आरशासमोर ते नव्हतेच.