आप्पाजींची साक्ष

कस्तुरी बोलायला उभी राहिली की वसुमतीबाई वहीत डोकं घालायच्या. पण कान कसे मिटणार?

"आम्ही दोघंच छपरावर होतो," कस्तुरी सांगत होती. "खाली कृष्णेचं पाणी. आप्पाजी आणि त्यांचे दोन साथीदार नाव घेऊन आले. त्यांच्यामुळे मी वाचले. माझ्या नवऱ्यापर्यंत मात्र कुणी पोचू शकलं नाही."

एवढंच. रडणं नाही, हातवारे नाहीत. तेवढ्यावर बंगळूरच्या जे. पी. नगरातल्या त्या सभागृहातली माणसं आपणहून देणगीच्या टेबलाकडे वळायची.

इथल्या मराठी मंडळाचं काम वसुमतीबाई एकोणीस वर्षं सेक्रेटरी म्हणून करत होत्या. बेळगावहून लग्न होऊन इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. सगळ्यांच्या वसुअक्का. दिवाळीला चकल्या तळून विकल्या, नाटकाची तिकिटं खपवत दारोदार हिंडल्या, तेव्हा कुठे मंडळाला चार माणसं ओळखू लागली. यंदा चिकोडीच्या पलीकडच्या एका गावातल्या याच आप्पाजींना आणि त्यांच्या साथीदार नावाड्यांना इंजिनाची बोट घेऊन द्यायची ठरली होती. पूर आला की ही माणसं शेतीची कामं टाकून, एक पैसा न घेता लोकांना काढत. त्यांची जुनी लाकडी नाव आता टिकणारी नव्हती. अक्कांनी दोन महिने खपून जेवढी मदत मिळवली, तेवढी कस्तुरीनं दोन सभांत मिळवली.

कस्तुरी मंडळात येऊन वर्षही झालं नव्हतं. के. आर. पुरमला एकटी राहायची, कुठल्याशा आयटी कंपनीत होती. अध्यक्ष बिंदुमाधव पूर्वी प्रत्येक गोष्ट अक्कांना विचारत. आता म्हणत, "कस्तुरीला काय वाटतं ते बघू या." पत्रिकेवर तिचं नाव, फोटोत मधली खुर्ची तिची. पहिल्यांदा तिची हकीकत ऐकताना अक्कांनाही रडू आलं होतं. त्या रडण्याचाच आता त्यांना सगळ्यात जास्त राग येत होता.

मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं. जे. पी. नगरच्या सभेत कस्तुरी छपरावरून नावेत चढली होती. होसकोट्याला एका कारखान्यातल्या कामगारांपुढे बोलताना ती झाडावरून उतरली.

अक्कांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. कस्तुरी गडबडली. आधी छप्पर, मग झाड, असं काहीतरी पुटपुटली. चिकोडीला पाठवायच्या पत्रात आपलं नाव घालू नका, असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तेही अक्कांना आता आठवलं. बोट देण्याच्या समारंभाला नावाड्यांना बोलवावं असं ठरू लागलं, तेव्हा तर तिचा चेहरा उतरला.

"त्यांना कशाला एवढ्या लांब आणायचं, अक्का? बोट पाठवून देऊ."

"सरी, तसंच करू," अक्का म्हणाल्या, आणि घरी जाऊन त्यांनी आप्पाजींना फोन लावला.

सहा वर्षांपूर्वीच्या पुरात कस्तुरी नावाच्या बाईला तुम्ही पाण्यातून काढलंत का, असं त्यांनी सरळच विचारलं. 

"न्हाई," आप्पाजी म्हणाले. "तिला आमी काढलेलं न्हाई. कुठं हाय ती?"

 बंगळुरात आहे, असं अक्कांनी सांगितलं. पुरानंतर ती कुणाला न सांगता गाव सोडून गेली आणि आपण तिला फार शोधलं, असं ते म्हणाले. समारंभाला नक्की येतो, पण तिला आधी कळू देऊ नका, एवढं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं.

अक्कांनी ते कुणालाच कळू दिलं नाही. किती तरी महिन्यांनी त्यांना रात्रीची शांत झोप लागली. नवऱ्याच्या मरणाचं भांडवल करणारी बाई, आणि आपण तिच्यापुढे स्वतःला कमी समजत होतो. लोकांची फसवणूक थांबवणं हे सेक्रेटरीचं कामच आहे, असंही त्यांनी स्वतःला समजावलं.

रविवारी सकाळी सभागृह भरलं. आप्पाजी आले, साठीचे, काळेसावळे, पांढऱ्या टोपीतले. त्यांना व्यासपीठावर बघताच कस्तुरी पहिल्या रांगेतून उठून पार मागे जाऊन बसली. अक्कांनी ते बरोबर पाहिलं.

बिंदुमाधवांचं भाषण संपायच्या आत अक्कांनी माईक हातात घेतला.

"आप्पाजी, आमच्या या कस्तुरीबाईंची हकीकत ऐकून बंगळूरच्या लोकांनी ही बोट दिली. तुम्ही त्यांना पुरातून काढलंत, असं त्या सांगतात. खरं आहे का?"

आप्पाजींनी मागच्या रांगेकडे पाहिलं. कस्तुरी उभी राहिली होती. नको, नको, अशी मान हलवत होती.

"न्हाई," आप्पाजी म्हणाले. "खोटं हाय ते."

सभागृहात कुजबुज झाली. बिंदुमाधवांनी चष्मा काढला. कस्तुरी दाराकडे निघाली, आणि अक्कांना वाटलं, एकोणीस वर्षांच्या कष्टांचे आज पांग फिटले. त्यांनी माईक आप्पाजींच्या आणखी जवळ नेला.

आप्पाजींनी डोक्यावरची टोपी काढली.

"तिच्या घरापाशी आमचीच नाव उलटली. ही पोरगी छपरावरनं पाण्यात उतरली आन् आमाला एकेकाला वढून समोरच्या झाडावर चढवलं, तिघांनाबी. मग नवऱ्यासाठी माघारी वळली, तवर घर पाण्यात बसलं होतं."