वाल्मिकचं इंग्रजी

पडद्यावरच्या घोड्यानं तोंड उघडलं, इंग्रजीत काहीतरी बडबडला आणि टोपीवाल्या कुत्र्याला लाथ घालून पळाला. शाळेच्या खोलीत कुणी हसलं नाही. खिडक्यांना घोंगड्या लावून भर दुपारी अंधार केला होता. आत सगळं गाव दाटीवाटीनं बसलं होतं, आणि समोर चित्रातली जनावरं कमरेला पिस्तुलं लावून परक्या भाषेत भांडत होती.

"काय म्हंतंय रं त्ये घोडं?" म्हाताऱ्या रामभाऊंनी विचारलं.

रसायनीचा एक कारखाना दर दिवाळीनंतर गावाला फुकट सिनेमा दाखवायचा. यंदा देवाधर्माच्या सिनेमाऐवजी रिळांचा भलताच डबा आला होता. मशीनवाला म्हणाला, हाच आहे, बघायचा तर बघा.

"वाल्मिकला इचारा की! सायबांत असतोय त्यो," मागून कुणीतरी ओरडलं.

वाल्मिक त्याच कारखान्यात शिपाई होता. अकरा वर्षं साहेबांना चहा देऊन त्याला 'येस सर', 'नो सर' आणि 'कम इन' एवढं येत होतं. पण पँट घालून सायकलवरून कामाला जाणारा गावात तो एकटाच. त्याला फाडफाड इंग्रजी येतं असं लोक धरून चालले होते, आणि त्यानंही कधी नाही म्हटलं नव्हतं. लोकांनी त्याला ढकलत पुढं नेलं.

तो पडद्याशेजारी उभा राहिला. घोडा पुन्हा बोलला.

"घोडं म्हंतंय," वाल्मिक म्हणाला, "फौजदारसायेब, आता टांगा तुमी वढा, मी मागं बसतो."

एकच हशा पिकला.

मग वाल्मिक सुटलाच. गुत्त्यात नाचणारी कोंबडी म्हणाली, अंडी पायजेत तर आदी लायनीत या. बंदुकीसमोर उभं राहिलेलं गाढव म्हणालं, आदी माजा सातबारा बगा, मंग गोळी घाला. रामभाऊ भिंतीला डोकं टेकून "पुरं रं, पुरं" म्हणू लागले. आनंदीबाईला ठसका लागला. सगळ्यांत जास्त हसत होती ती भागूबाई. तिचा नवरा कोंडीराम दीड वर्षापूर्वी आसामात पुलाच्या कामावर गेला होता आणि गेले चार महिने त्याचं पत्र नव्हतं. तिला पोट धरून हसताना बघून बायकांना बरं वाटलं. वाल्मिकलाही.

तेवढ्यात दार उघडलं आणि उजेड आत आला. पोस्टमन नागू दारात उभा होता.

"भागूबाई, तार हाय तुजी."

मशीन थांबलं. कुणीतरी घोंगड्या ओढून काढल्या. नागूनं अंगठा घेतला, कागद दिला आणि खाली मान घालून निघून गेला. तार इंग्रजीत होती. मास्तर सुट्टीला आपल्या गावी गेले होते, पण त्यांची कुणाला आठवणही झाली नाही. भागूबाईनं कागद सरळ वाल्मिकच्या हातात ठेवला.

"वाच रं बाबा."

असली अक्षरं साहेबांच्या टेबलावर तो रोज बघायचा. त्यातल्या एकाचाही अर्थ लागेना. सगळं गाव त्याच्या तोंडाकडं बघत होतं. कोंडीकाका खुशाल हाय, एवढं बोलून मोकळं व्हावं असं त्याच्या मनात आलं. आणि नसला तर?

"काकी," तो म्हणाला, "मला इंग्रजी येत नाय."



"अरं, आत्ता तर समदं सांगत व्हतास," रामभाऊ हळूच म्हणाले.

"त्ये मी मनाचं सांगत व्हतो. आयशपथ!"

भागूबाई त्याच्याकडं बघत राहिली. शरमेनं त्याचे डोळे भरून आले होते.

"कळलं रं मला," ती म्हणाली. "तुज्या तोंडातनं निघंना."

ती भिंतीपाशी गेली आणि दोन्ही हात तिनं भिंतीवर आपटले. हिरव्या बांगड्यांच्या काचा जमिनीवर पडल्या.

"नाय काकी! मला खरंच येत नाय!" वाल्मिक ओरडला. पण बायकांनी गळा काढला होता. त्याचं कुणाला ऐकूच गेलं नाही. रामभाऊंनी त्याला जवळ घेतलं. "तुज्यावरच ही येळ यावी का रं?" म्हणत म्हातारा त्याची पाठ थोपटत राहिला.

वाल्मिक त्यांच्या हातातून सुटला. तार खिशात कोंबून त्यानं सायकल काढली आणि थेट कारखान्याचं गेट गाठलं. रविवारच्या पाळीला असलेल्या टाइमकीपरनं चष्मा लावून तार दोनदा वाचली.

"काम संपलं. बुधवारी घरी पोचतो. कोंडीराम."

वाल्मिकनं त्याचे हात धरले. "सायेब, गावात चला. तुमच्या तोंडानं सांगा." पण गेट सोडून येणं त्या बिचाऱ्याला शक्य नव्हतं.

वाल्मिक परतला तेव्हा भागूबाईच्या ओटीवर बायका बसल्या होत्या. तिचं कुंकू पुसलेलं होतं. वाल्मिकनं सायकल अंगणात टाकून दिली.

"कोंडीकाका जिता हाय! बुधवारी येतोय! तारंत तसं लिवलंय!"

रडणं थांबलं. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं.

"मगाशी वाचता येत नाय म्हनालास," रामभाऊ म्हणाले.

"टाइमकीपरनं वाचली, आजा! दोनदा वाचली!"

भागूबाई उठली. फडकं गुंडाळलेला हात तिनं त्याच्या गालावरून फिरवला.

"लई मायेचा हायेस रं तू," ती म्हणाली. "पर आता मनाचं काय सांगू नगंस."

मागं बायका पुन्हा रडू लागल्या. वाल्मिक तार हातात धरून ओटीच्या कडेला बसला.

बुधवारला अजून तीन दिवस होते.