थंडोबाचं प्रेशर

पुलाचा मधला गर्डर हवेत लटकत होता आणि खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाचा जीव टांगणीला लागला होता. वर क्रेनच्या केबिनमध्ये बसलेला माणूस मात्र डावा हात टेकवून निवांत होता. त्या हाताला प्रेशर मोजायचा पट्टा बांधलेला. गर्डरचे बोल्ट बसेपर्यंत भार जराही हलू द्यायचा नव्हता, म्हणून तोही हलत नव्हता. त्याचं ब्लडप्रेशर मोजायला याहून बरी वेळ मिळाली नसती.

ही कल्पना कंपनीच्या डॉक्टरबाईंची. क्रेनवाल्याला साइटवर सगळे थंडोबा म्हणत, आणि ते काही उगीच नाही. खाली कितीही आरडाओरडा होवो, हा सुईत दोरा ओवावा तसा गर्डर जागेवर नेऊन ठेवायचा. पण तपासणीला दवाखान्यात आला, की याच माणसाचं प्रेशर असं काही चढायचं की मशीनवरच शंका यावी. बाईंनी मशीन बदललं. मीठ कमी करायला लावलं. बाहेरच्या बाकावर शांत बसवून पुन्हा मोजलं. आकडा खाली यायचं नाव घेईना. शेवटी नियम आडवा आला. आजही आकडा चढलेला निघाला, तर थंडोबाची रवानगी कायमची गोदामात. क्रेन म्हणजे त्याचा जीव की प्राण. गोदामाचं नाव काढलं तरी त्याचं तोंड एवढंसं व्हायचं.

"काही लोकांना आमची धास्तीच असते," बाई म्हणाल्या होत्या. "पांढरा कोट दिसला की रक्तवाहिन्या आवळतात, हृदय जोरात धडधडायला लागतं, आणि चढलं प्रेशर! तुमचं आपण वरच मोजू." त्यांनी केबिनमध्ये शेजारी दुसरा ऑपरेटर बसवला होता, वेळ पडलीच तर क्रेन हातात घ्यायला. आता बाई मान वर करून उभ्या होत्या, आणि त्यांच्या बाजूला थंडोबाची बायको. हेल्मेट तिच्या डोक्यावर तिरकं बसलं होतं, पण ते नीट करायचं भान तिला नव्हतं.

बाईंच्या हातातला वॉकीटॉकी खरखरला. दुसरा ऑपरेटर ओरडत होता, "एकशे चोवीस, अठ्ठ्याहत्तर!"

बाईंनी उडीच मारली. खाली टाळ्या पडल्या. बायकोने डोळे पुसले आणि लगेच हसायलाही लागली.

थोड्या वेळाने गर्डर पक्का बसला आणि थंडोबा खाली उतरला. बाईंनी त्याला तिथेच एका खुर्चीवर बसवलं, मुद्दाम पांढरा कोट चढवला, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला आणि पुन्हा मोजलं. आकडा जवळपास तोच.

"म्हणजे तुम्ही मला घाबरतच नाही!" बाई जराशा हिरमुसल्याच. "मग दवाखान्यात काय होतं तुम्हाला?"

थंडोबा बुटांकडे बघू लागला.

"बरं, दवाखान्यात येता कसे?"

"मी आणते ना!" बायको पुढे सरसावली. "आज हे कंपनीच्या बसने आले, पण तपासणीला दर वेळी मीच आणते गाडीतून. या वयात शिकले, डॉक्टर! आता इतका हात बसलाय ना, की चौकात मला बघून लोक आपणहून बाजूला होतात."

बाईंचं पेन प्रमाणपत्रावर थबकलं. त्यांनी थंडोबाकडे पाहिलं. थंडोबाने आभाळाकडे.

"पण आल्यावर मी तुम्हाला बाकावर बसवते," बाई सावकाश म्हणाल्या. "तेवढ्या वेळात प्रेशर उतरायला हवं की."

"परत जायचं असतं ना, डॉक्टर," थंडोबा पुटपुटला.

आधी बाई हसल्या, मग आजूबाजूचे सगळेच. हसता हसताच त्यांनी प्रमाणपत्रावर झोकात सही केली. "अहो, क्रेन हातची जायची वेळ आली होती! बोलला का नाहीत?"

"लायसन्स मिळालं तेव्हा ही घरभर नाचली होती," थंडोबा म्हणाला. "मग काय बोलणार?"

बायको इतका वेळ एकदा नवऱ्याकडे, एकदा बाईंकडे बघत होती. आता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने हेल्मेट काढलं, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली,

"पण गाडीत तर तुम्ही निवांत डोळे मिटून बसलेले असता!"