गवारीची खीर

बायको गेल्यापासून लेकीशी फोनवर काय बोलावं, ते भास्कररावांना सुचत नसे. म्हणून दर रविवारी ऑकलंडहून ऋताचा फोन आला, की ते बायकोच्या वहीतली एक पाककृती तिला वाचून दाखवत.

या रविवारी वही संपली होती. फोन मात्र आला. त्यांनी चष्मा लावला आणि कोरं पान उघडलं.

“गवारीची खीर,” ते म्हणाले. “चार वाट्या गवार तुपावर परतायची.”

“गवारीची? आई करायची?”

“करायची. तू लहान होतीस.”

त्यांनी उगाच पान उलटलं. पोरीला कळलं, आता ती फोन कशाला करील, असं त्यांना वाटलं.

“बाबा, वही संपली ना?”

“हो.”

“बरं. दूध कधी घालायचं ते सांगा. लिहून घेतेय मी.”