मोठ्या तळ्याचा व्हॉल्व्ह

“ताई, आज तरी बोल,” धाकटी म्हणाली.

ताईने मान वळवली नाही. कमरेवर हात ठेवून ती मोठं तळं रिकामं होताना पाहत होती. राजधानीच्या जलोद्यानातलं हे सगळ्यात जुनं तळं. तळाला चीर गेली म्हणून अठरा वर्षांनी पहिल्यांदाच उपसत होते.

अठरा वर्षांपूर्वी दोघी बहिणी इथेच माळीकाम करायच्या. नियम साधा होता. तळ्याचं पाणी सोडायचा व्हॉल्व्ह उघडला की आपल्या नंबरचा बिल्ला त्याच्या चाकावर अडकवायचा, बंद केला की काढून पुन्हा गळ्यात घालायचा. रविवारच्या सुट्टीनंतर एका सोमवारी व्हॉल्व्ह उघडाच सापडला. चाकावर बिल्ला नव्हता. मधल्या खड्ड्यात गुडघाभर पाणी तेवढं उरलं होतं आणि ताईने नऊ वर्षं पोटच्या पोरांसारखी जपलेली कमळं उन्हाने करपली होती.

त्या दिवशी धाकटी सगळ्यांच्या आधी आली होती. “मीच उघडला. बिल्ला लावायला विसरले,” असं तिने स्वतःच साहेबांना सांगितलं आणि नोकरी गमावली.

ताईचा नवरा जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. पदरात दोन लेकरं, डोळ्याला डोळा नाही. अशात सख्ख्या बहिणीने हेही करावं? तिने अबोला धरला. त्याच गडबडीत तिचा स्वतःचाही बिल्ला हरवला. प्लास्टिकचे हलके बिल्ले ते, इतरांचे पाण्यात पडले तरी तरंगत काठाला लागायचे. तिचा काही लागला नाही. नवा मिळाला, पुन्हा चौदाच नंबरचा.

“आज निघाले लेकीकडे. आता परत येणं काही खरं नाही,” धाकटी म्हणाली. वेणी पांढरी झाली तरी हिरव्या रिबनीची हौस काही सुटली नव्हती.

झालं गेलं सोडून दे, हे शब्द ताईच्या अगदी ओठांवर आले होते. निघालं ते भलतंच.

“माझी कमळं आण परत. मग बोलते.”

“तेवढंच नाही गं जमणार.” धाकटी हसली, तिच्या खांद्याला हात लावला आणि फाटकाकडे चालू लागली.

ताई जागची हलली तेव्हा उशीर झाला होता. धापा टाकत ती फाटकापाशी पोचली, तर टॅक्सी वळणावरून दिसेनाशी होत होती. मेली माझी जीभ, असं पुटपुटत ती परत आली.

“ताई, मधल्या खड्ड्यात हे सापडलं,” पंपवाल्याने चिखलाचा एक गोळा तिच्या हातात दिला.

तिने तो नळाखाली धरला. आत मुठीएवढा दगड होता आणि त्याला घट्ट बांधलेला चौदा नंबरचा बिल्ला. गाठ हिरव्या रिबनीची होती.