भुंग्याची वेळ

"बसू नकोस गं, उभी राहा," काकू म्हणाल्या.

शिडी एक पाय मोटारसायकलवर टाकून तशीच थांबली. आजवर तीन मिस्त्री झाले. प्रत्येकानं आधी तिला बसवलं होतं आणि मग हँडल इंचभर वर करून दिलं होतं.

"चढावर बसायला सवड कुणाला असते? फूटरेस्टवर उभी राहा."

गाडी स्टँडवर चढवलेली होती. शिडी उभी राहिली. पाठीची कमान झाली, मनगटं मुरगळल्यासारखी खाली वळली.

"बघ," काकू म्हणाल्या, "तू गाडी चालवत नाहीस, सुईत दोरा ओवतेस."

शिडीला हसू फुटलं. 'शिडी' हे नाव काकूंनीच पहिल्या दिवशी ठेवलेलं. काकूंच्या गॅरेजच्या दारात शिरताना तिचं डोकं चौकटीला आपटलं, तेव्हा. तिची दोन वर्षांची लेक कोपऱ्यातल्या जुन्या टायरमध्ये बसून डब्यातले नट एकेक करून बाहेर काढत होती आणि प्रत्येकाला "हा बाबा, ही आई" म्हणत होती.

रविवारी टेकडीची चढाई होती, मोटारसायकलींची शर्यत. पायथ्याशी एक फळा होता. त्यावर पांढऱ्या रंगात एकच नाव आणि एकच वेळ: भुंगा, एक मिनिट नऊ सेकंद. एकोणीस वर्षं ती वेळ कुणाला मोडता आली नव्हती. मोडेल त्याला गावच्या मोटारसायकल क्लबच्या संघात थेट जागा, एक प्रश्न न विचारता. एरवी क्लबवाल्यांकडे प्रश्न पुष्कळ असत. शिडीला त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं. एकदा, "एवढ्या उंच माणसाचं वजन वर राहतं, पुढचं चाक उचलतं." आणि एकदा, "तुम्हाला लहान मूल आहे ना?"

या नव्या गावात येऊन तिला आठ महिने झाले होते. एवढ्या दिवसांत स्वतःसाठी तिनं मागितलेली ही एकच गोष्ट.

काकूंनी फूटरेस्ट खाली आणि किंचित मागे नेले. सीटमध्ये जाड फोम भरला. हँडलखाली ठोकळे बसवले आणि एका खोक्यावर चढून, जीभ दाताखाली धरून, बोल्ट आवळले. ब्रेक आणि क्लचच्या दांड्या थोड्या खाली फिरवल्या. "आता उभी राहा. मनगट सरळ? छाती पुढे टाक. अजून. हँडलवर गेली पाहिजे. घाबरू नकोस, हँडल चावत नाही."

शिडी ताठ उभी राहिली. शाळेत शेवटच्या रांगेत, लग्नाच्या फोटोत नवऱ्याशेजारी, सगळीकडे ती वाकून उभी राहिली होती. इथं पहिल्यांदाच कुणी तिला सरळ व्हायला सांगत होतं.

"शेवटच्या वळणाआधी एक चपटा दगड आहे," काकू म्हणाल्या. "तिथं सगळे गिअर बदलतात. तू बदलू नकोस."

"तुम्हाला कसं माहीत?"

"पडलेल्या गाड्या कुणाकडे येतात? माझ्याकडेच. कुठं पडली ते गाडीच सांगते."

शिडीनं आवाज उतरवला. "काकू, तो भुंगा याच गावात राहतो म्हणे. दरवर्षी चढाई बघायला येतो. मला वाटतं, तो घड्याळमास्तरच."

घड्याळमास्तर म्हणजे वेळ मोजणारा माणूस. बुटका, काडीसारखा, कुणी शिंकलं तर उडून जाईल असा. फळ्याखाली खुर्ची टाकून, वरच्या रेषेवर नजर लावून बसायचा आणि शिडीला बघून म्हणायचा, "बाई, उंची घरी ठेवून या."

"घड्याळ त्याच्याच हातात," शिडी म्हणाली. "स्वतःचं नाव पुसू देईल का तो?"

काकूंच्या दातांत पाना होता. तो काढून त्यांनी सावकाश पुसला.

"मास्तर सेकंद चोरणार नाही. हवं तर लिहून देते."

"आणि भुंगा?"

"भुंग्याची काळजी तू करू नकोस. आधी पोरीच्या तोंडातला नट काढ."

रविवारी शिडीचा नंबर शेवटचा लागला. नवरा वर, शेवटच्या रेषेजवळ उभा होता. लेक खाली काकूंच्या खांद्यावर, एवढ्या गोंगाटात गाढ झोपलेली.

झेंडा पडला. शिडी उभीच निघाली. पहिला चढ, दुसरा चढ, पायांखाली गाडी उड्या मारत होती आणि वर ती स्थिर. चपटा दगड आला. बोटं सवयीनं क्लचकडे गेली. तिनं ती मागे घेतली, छाती हँडलवर टाकली, आणि जिथं तीनदा चाक हवेत उठून ती उताणी पडली होती, तिथं चाक जमिनीला चिकटून राहिलं. गाडी ओरडली. शिडीही ओरडली. पुढे फक्त आभाळ होतं.

ती खाली उतरली तेव्हा सगळे फळ्याभोवती जमले होते. घड्याळमास्तर घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन बघत होता. एकदा. पुन्हा एकदा.

"एक मिनिट," तो म्हणाला आणि थांबला. "आठ सेकंद!"

मग काय विचारता! लोकांनी तिला गाडीसकट उचललं. नवरा टेकडीवरून धावत, घसरत, निम्मा बसत खाली आला. क्लबचे अध्यक्ष हात पुढे करून उभे राहिले आणि या वेळी त्यांना एकही प्रश्न सुचला नाही.

घड्याळमास्तरनं रंगाचा डबा आणि ओलं फडकं उचललं. तो फळ्याकडे गेला नाही. गर्दीतून वाट काढत तो काकूंपुढे येऊन उभा राहिला, झोपलेलं पोर त्यांच्या खांद्यावरून अलगद आपल्याकडे घेतलं आणि फडकं त्यांच्या हातात दिलं.

"घे भुंग्या," तो म्हणाला, "तुझं नाव तूच पूस."