आल्यागेल्याची नोंद

या व्यवहारात उकिडव्यांना मुलीशी बोलायला रोज दहा मिनिटं मिळणार होती. सरकारनं परदेशाशी बोलणं बंद करून चार वर्षं झाली होती, आणि ऑस्लोत राहणाऱ्या त्यांच्या मुलीचा, गार्गीचा, चेहरा आता फक्त चोरवाटेनं दिसत असे. चोरवाटेचा नियम एकच होता: आपल्या सर्व्हरवरून अनोळखी लोकांना जाऊ द्या, मग तुम्हालाही जाता येईल.

शेजारच्या शलाकानं सोसायटीच्या कॅमेऱ्यांसाठी असलेल्या लिनक्स सर्व्हरवर तसा रिले, म्हणजे इतरांचं बोलणं पुढे पोचवणारा दुवा, बसवून दिला.

"काका, कोण आलं-गेलं ते यात राहत नाही. आणि ठेवायचंही नाही."

"अगं, उद्या कोणी नको ते उद्योग केले तर? फाटकावर आपण इस्त्रीवाल्याचीसुद्धा सही घेतो!"

"म्हणून सायकली चोरीला जायच्या थांबल्या का?"

उकिडवे हसले. पण बावीस वर्षं सेक्रेटरी राहिलेला माणूस. कुणावर विश्वास टाकणं त्यांना बेजबाबदारपणाचं वाटे. शलाकाची पाठ वळताच त्यांनी नोंद ठेवायची सोय चालू केली: पत्ता, वेळ, किती मिनिटं.

तीन महिन्यांनी तपासनीस आले. नुसत्या रिलेत त्यांना काहीच सापडलं नसतं. नोंद मात्र तारीखवार होती.

"वा काका," मोठा तपासनीस म्हणाला, "इतकं नीट तर आमच्या ऑफिसातही कोणी ठेवत नाही."

नोंदीत सापडलेल्या दोनशे चौदा घरांचं इंटरनेट कायमचं तुटलं. शलाका तुरुंगात गेली. गार्गीला मायदेशी यायला बंदी झाली. उकिडव्यांना सहकार्याबद्दल सोडून देण्यात आलं.